जळून राहिला का गा?

कोणी दुसऱ्याच्या बंगल्याचा हेवा करतो, कोणी मोटारीचा, कोणी शेजारच्या गुणी सुनेचा. ईश्वरदास बारापात्रेने हेवा केला तो सायकलच्या दिव्याचा, आणि तोही अगदी मन लावून. कुठलंही काम अर्धवट करायची त्याला सवयच नव्हती.

नागपूरच्या तांडापेठेत जुनी माणसं त्याला अजूनही विणकर म्हणून ओळखतात. साडीचा करवती काठ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला, तो असा विणायचा की एक दाता दुसऱ्यापेक्षा केसभर मोठा निघायचा नाही. इतवारीतले व्यापारी त्याचा काठ हातात घेऊन बाकीच्यांना दाखवायचे. मग हातमागाचे दिवस गेले, मागाचं लाकूड घरात अडगळ झालं आणि एक दिवस विकलं गेलं. आता पन्नाशी उलटल्यावर ईश्वरदास कळमन्याच्या फळबाजारात एका आडत्याकडे संत्री निवडतो. मोठं इकडे, मध्यम तिकडे, डागी कडेला. त्याच्या बोटांना नजरेआधी कळतं, त्यामुळे कामात त्याला कोणी नाव ठेवत नाही.

पण ते काम त्याला केशवने लावून दिलं होतं, आणि खरं दुखणं तिथेच होतं.

केशव आणि तो एकाच गल्लीतले. एकाच शाळेत मार खाल्लेला, एकाच तळ्यात पोहायला शिकलेले. पुढे दोघांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली आणि ते साडू झाले. मित्र म्हणून जे खपून जातं ते साडू म्हणून खुपतं. ईश्वरदासला लग्नात सासऱ्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. चार वर्षांनी केशवचं लग्न झालं तर त्याला मनगटावरचं. अधिकमासात दोघे जावई धोंड्याच्या जेवणाला बसले तेव्हा केशवच्या ताटात चांदीचं निरांजन आलं, ईश्वरदासच्या ताटात तांब्याचं. सासू म्हणाली, सोनाराकडे एकच शिल्लक होतं. सोनाराकडचं एकच निरांजन नेमकं केशवकडेच कसं गेलं, हा प्रश्न ईश्वरदासने कुणाला विचारला नाही, पण विसरलाही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली पीडा घालवायला मारबतीचा पुतळा निघतो, त्या मिरवणुकीत तो दरवर्षी गर्दीत उभा राहून गावाबरोबर ओरडायचा, ‘महागाई घेऊन जाय गे मारबत! रोगराई घेऊन जाय गे मारबत!’ हेवा घेऊन जा, असं काही तो कधी ओरडला नाही. घेऊन गेली असती तर त्याला करमलं नसतं.

बरं, केशव विणकर म्हणून सामान्यच. त्याच्या काठाचे दाते म्हाताऱ्याच्या तोंडातल्यासारखे, कुठे आहेत तर कुठे नाहीत. पण मागावरून तोच आधी उठला, कळमन्यात तोच आधी चिकटला आणि घरावर स्लॅबही त्याचाच आधी पडला. ईश्वरदासचा माग थांबला तेव्हा तोच दारात येऊन म्हणाला, “चाल माह्यासंगं. आडत्याले मी सांगतलं हाय.” त्या दिवसापासून दोघे पहाटे गल्लीच्या कोपऱ्यावर भेटतात आणि सायकलने कळमन्याला जातात. ईश्वरदासला उपकाराची जाणीव होती. पण उपकाराची गोळी मोठी, ती त्याच्या घशातून पूर्ण खाली कधी उतरली नाही.

यंदा दिवाळीत केशवचा मुलगा कुशल पुण्याहून आला आणि त्याने बापाच्या सायकलला दिवे लावून दिले. पुढे पांढरा, मागे लाल. मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारे. पुढचा लावला की रस्त्यावरचा खड्डाच काय, खड्ड्यातली गिट्टीसुद्धा मोजता यावी. ईश्वरदासची प्रणाली रामटेकला दिलेली. तिने दिवाळीला बापासाठी लोकरीचे मोजे आणले होते. मोजे उबदार होते, चांगले होते, पण मोज्यांतून उजेड पडत नाही.

ईश्वरदासच्या सायकलला जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली एक टॉर्च होती. खड्डा आला की ती मान टाकायची आणि त्याच्या गुडघ्यावर उजेड पाडायची. केशव हसून म्हणाला, “राहू दे ना गा ते. माह्या उजेडात चाल. तुले काय कराचा वेगळा?”

प्रेमाने म्हणाला. म्हणूनच ते जास्त लागलं. शिवी दिली असती तर उलट देता आली असती.

घरी आल्यावर त्याने बायकोला, गोदूबाईला सांगितलं, “मले सायकलले लाईट घ्याचा हाय.”

“टॉर्च हाय ना जी.”

“टॉर्च म्हंजे काय लाईट असते? कळमन्याच्या रोडवर ट्रक दिसत नाही मले.”

“ट्रक दिसत नाही, का केशवभाऊचा लाईट दिसते?” गोदूबाई पोळी उलटत म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचं पोट कुठल्या बाजूला दुखतं ते पक्कं ठाऊक होतं. तरी तिने डब्यातून तीनशे रुपये काढून दिले. “याच्यावर एक रुपया भेटणार नाही. जास्त लागले तं खर्रा सोडा.”

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला चुरा, सोडणं म्हणजे ईश्वरदासच्या दृष्टीने संन्यासच. तो पैसे खिशात घालून इतवारीत सुशीलच्या सायकलच्या दुकानात गेला.

सुशीलचं दुकान म्हणजे छताला टांगलेले टायर आणि त्यांच्याखाली वाकून उभं राहायची जागा. त्याने काउंटरवर चार प्रकारचे दिवे मांडले. चाकाला घासून चालणारा डायनामो: सेल नको, चार्जिंग नको, पण पायाला भार आणि सायकल थांबली की अंधार. सेलवरचा दिवा: घेताना स्वस्त, पण पुढे सेलच घेत बसायचे. मग एक लहानसा जोड, पुढचा बेताचा पांढरा आणि मागचा लाल, दोन्ही चार्जिंगचे, बरोबर तीनशेत बसणारे. आणि चौथा एक काळा, दोन डोळ्यांचा, घुबडासारखा. त्याच्या डब्यावर डोंगराच्या टोकावर सायकल घेऊन उभा असलेला गोरा माणूस होता आणि त्याच्या डोक्यावर एका आकड्यापुढे शून्यांची रांग.

“काका, पहिले एक सांगा,” सुशील म्हणाला. “तुम्हाले रस्ता दिसाले पाहिजे, का रस्त्याले तुम्ही दिसाले पाहिजे?”

“म्हंजे?”

“म्हंजे तुमच्या रोडवर खांबाचे लाईट हायेत. चालाले समोरचा लहानसा पुरते. पण ट्रकवाला येते मागून. त्याले तुम्ही दिसले पाहिजे. जोड घेऊन जा. दोन्हीवर पैसे नसन तं नुसता लाल घ्या, समोर टॉर्च हाय ना तुमची.”

“मागचं कोण पाहते गा?”

“जो मागं असते तो पाहते काका.”

ईश्वरदासने जोडातला पांढरा दिवा उचलला. शर्टाच्या शिवणीतून एक दोरा ओढून काढला, दिव्यासमोर धरला आणि डोळे बारीक करून पाहिलं. मागावर बसणाऱ्याची ही जुनी रीत. दोऱ्याचा पीळ दिसला तर उजेड खरा. जोडाच्या दिव्यात पीळ अंधुक दिसला. घुबडात तो असा दिसला की दोरा सुतळी वाटावा. सायकलवर बसून कुणी सूत निवडत नसतं, हे त्या क्षणी त्याला सुचलं नाही.

“हा केशवच्या लाईटपेक्षा जास्त पडन का?” त्याने विचारलं.

सुशीलला केशव कोण ते माहीत नव्हतं, पण असले केशव त्याने पुष्कळ पाहिले असावेत. “डब्यावरचे शून्य मोजू नका काका. शून्य छापाले पैसे लागत नाही. उजेड किती पडते त्याच्यापेक्षा किती टिकते ते पाहा. पाणी लागलं तं चालते का, ते पाहा.”

“पडन का ते सांग.”

“पडन,” सुशील म्हणाला आणि त्याने नाद सोडला. घुबड साडेतीनशेचं होतं. वरच्या पन्नासाचा हिशेब ईश्वरदासने खर्‍र्यातून वळता केला. चार दिवस तो नुसती सुपारी चघळत राहिला आणि घरात सगळ्यांवर डाफरत राहिला.

पहिल्या पहाटे कोपऱ्यावर त्याने कळ दाबली तेव्हा समोरच्या घरावरचं कोंबडं आरवलं. निदान ईश्वरदास तरी तसं सांगतो. केशव डोळ्यांवर हात धरून म्हणाला, “अरे बाप्पा! ट्रॅक्टरचा काढला का कोणाच्या?” ईश्वरदासला इतका आनंद लग्नातही झाला नसेल. त्याने पायडल मारलं आणि तो पुढे झाला. आजवर कधी केशव पुढे असायचा, कधी दोघे बरोबरीने. आता ईश्वरदास पुढे, आणि केशव मुकाट त्याच्या मागे. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ईश्वरदास मुद्दाम हळू झाला, केशव पुढे जातो का ते बघायला. केशवही हळू झाला. हरला, ईश्वरदासने मनात म्हटलं. गडी हरला. त्या दिवशी त्याने आडत्याच्या गादीसमोर संत्री निवडताना चक्क गुणगुणायला सुरुवात केली.

हे सुख फार टिकलं नाही, कारण घुबडाचं चार्जिंग टिकत नव्हतं. रात्रभर तारेला लावूनसुद्धा शांतिनगर ओलांडेपर्यंत त्याचे डोळे मिटायला लागायचे आणि कळमन्याच्या रस्त्याला लागता लागता नुसता निखारा उरायचा. ईश्वरदासने हे कुणाला सांगितलं नाही. गोदूबाईला सांगणं शक्यच नव्हतं. केशवला सांगण्यापेक्षा तो अंधारात नाल्यात गेला असता. दिवा मंदावला की तो जोरात पायडल मारायचा, म्हणजे केशवच्या आणि आपल्या मधे अंतर राहील आणि आपली फजिती त्याला दिसणार नाही.

डिसेंबरात एका पहाटे दाट धुकं पडलं. नागपूरला असं धुकं रोज पडत नाही, पण पडलं की हातभरापुढचं दिसत नाही. घुबडाचा पांढराफटक उजेड त्या धुक्यावर आपटून परत ईश्वरदासच्याच तोंडावर येत होता. समोर जणू कापसाचा गठ्ठा उघडून ठेवलेला. मग ठरल्या ठिकाणी दिवा मंदावला आणि विझला. ईश्वरदास हाताने दिव्यावर चापट्या मारत, अंदाजाने सायकल हाकत होता. संत्र्यांचे ट्रक भोंगे वाजवत बाजूने जात होते. तेवढ्यात मागून केशवचा आवाज आला.

“ईश्वरदास! जळून राहिला का गा?”

ईश्वरदासने करकचून ब्रेक दाबला. सायकल रस्त्याच्या कडेला आडवी लावली आणि तो वळून उभा राहिला. इतकी वर्षं जे पोटात झाकून ठेवलं ते या माणसाने भर रस्त्यात, भोंग्यांच्या आवाजात विचारावं!

“हो, जळून राहिलो!” तो ओरडला. “जळून राहिलो तुह्यावर! आजचा नाही, तुह्या लग्नापासून जळून राहिलो! तुले हातातली घडी अन् मले भिंतीवरची? तुले चांदीचं निरांजन अन् मले तांब्याचं? काहून? तुह्या काठाले दाते तरी होते का? माह्या काठाले मुंबईचे व्यापारी हात लावून पाहत होते, अन् नोकरी मले तू लावून देणार! मी तुह्या उपकारावर! पोट्टा तुहाच कमावते, स्लॅब तुहाच पडते, लाईट तुहाच आधी लागते! अन् वरून मलेच विचारतो, जळून राहिला का? हो, जळून राहिलो. सांग साऱ्या गावाले!”

श्वास संपला म्हणून तो थांबला. केशव एक पाय जमिनीवर टेकून सायकलवर बसला होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

“मी लाईटचं विचारून राहिलो होतो,” तो म्हणाला.

“काय?”

“तुहा लाईट. समोरचा. जळून राहिला का विझला, ते मले मागून दिसत नाही ना. म्हणून विचारलं.”

एक ट्रक दोघांना धुळीची आंघोळ घालून गेला. ईश्वरदासला वाटलं, त्याने आपल्यालाही बरोबर न्यायला हरकत नव्हती.

“मंग बाजूनं येऊन पाहाचं,” तो कसाबसा म्हणाला. “मागं काहून राहतो रोज?”

“तुह्या मागं लाल नाही,” केशव म्हणाला. “ट्रकवाल्याले तू दिसत नाही. मी मागं राहिलो तं माहा लाल दिसते त्याले, तो बाजूनं काढते. म्हणून मी मागं राहतो.” त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो खाली मान घालून हँडलवरची धूळ पुसत होता. “पण तुह्या पोटात एवढं होतं, हे मले माहीत नव्हतं गा. घडीचं एकडाव बोलला असता तं मी देऊन टाकली असती. ते पहिल्याच पाण्यात बंद पडली.”

मग त्याने पायडलवर पाय ठेवला आणि तो निघून गेला. पुढे. घुबड आल्यापासून पहिल्यांदा.

त्या दिवशी ईश्वरदासने डागी संत्री चांगल्यांत टाकली आणि आडत्याचं बोलणं खाल्लं. त्याला शरम वाटत होतीच. पण खरं सांगायचं तर शरमेच्या खालून त्याचा जुना सोबती पुन्हा वर येत होता. एवढे दिवस आपण पुढे जाऊन जिंकत होतो आणि हा मागे राहून आपल्याला राखत होता. म्हणजे चांगुलपणातही हाच पुढे! घड्याळ मागून आणता येतं, दिवा विकत आणता येतो, पण असं मन कुठल्या दुकानात मिळतं? केशवच्या कुठल्याच वस्तूचा त्याला इतका हेवा वाटला नव्हता.

संध्याकाळी तो सुशीलकडे गेला. सुशीलने घुबड परत घ्यायला साफ नकार दिला, पण कळ दोनदा दाबून दाखवली. “फुल्लवर चालवून राहिले ना तुम्ही? म्हणून विझते. हे पाहा, बारीकवर ठेवा. कळमन्याले जाऊन परत येते. अन् तोंड जरा खाली करा त्याचं, धुक्यात आभाळाकडं काहून दाखवता?”

बारीकवरचा उजेड जोडातल्या त्या लहानशा दिव्याएवढाच होता. ईश्वरदासने तो मुकाट पाहून घेतला. मग लाल दिवा मागितला. सगळ्यांत स्वस्त, अंगठ्याएवढा, रबराने बांधायचा. आठवडाभराचा खर्रा त्यात गेला आणि या वेळी तो घरात कुणावर डाफरला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो कोपऱ्यावर लवकर येऊन उभा राहिला. मागे लाल दिवा लुकलुकत होता. केशवला काय म्हणायचं तेही त्याने ठरवलं होतं: आता तुले मागं राहाची गरज नाही, आपण बरोबरीनं जाऊ. वाक्य चांगलं होतं. पण केशव आला नाही. त्याच्या घरापर्यंत जाऊन पाहिलं तर धाकट्या मेव्हणीने आतूनच सांगितलं, ते तर केव्हाचे गेले.

ईश्वरदास एकटा निघाला. धुकं विरळ होतं. घुबड बारीकवर इमानाने जळत होतं आणि रस्ता पुरेसा दिसत होता. शांतिनगर ओलांडल्यावर पुढे त्याला केशवचा लाल दिवा दिसला. तो ओळखीचा होता. त्याने पाय उचलले. जवळ गेला तेव्हा दिसलं की केशव एकटा नाही. त्याच्या पुढे इंदोऱ्याचा देवराव चालला होता, त्यांच्याच बाजारात हमाली करणारा. देवरावच्या सायकलला ना पुढे काही, ना मागे काही. आणि केशव त्याच्या मागे, अगदी ठरावीक अंतरावर, ट्रकांना आपला लाल दाखवत चालला होता.

ईश्वरदासच्या छातीत असं काही पेटलं की घड्याळ, निरांजन, स्लॅब सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. देवरावच्या मागे? देवराव कोण याचा? शाळेत याच्या वाटणीचा मार कोणी खाल्ला होता? तळ्यात बुडताना याला केसांना धरून कोणी काढलं होतं? ती जागा, केशवच्या पुढची, ती त्याची होती. आजवर तो केशवकडे जे आहे त्यावर जळला होता. आज पहिल्यांदा त्याला कळलं की केशव दुसऱ्या कुणाचा झालेला त्याला बघवत नाही.

त्याने जोर मारून दोघांना गाठलं. केशवने त्याच्याकडे पाहिलं. ईश्वरदास त्याच्या बाजूने निघून गेला. तो देवरावच्या आडवा गेला.

“थांबा देवरावभाऊ.”

देवराव थांबला. ईश्वरदास उतरला, वाकून आपल्या सायकलचा लाल दिवा सोडला आणि देवरावच्या कॅरिअरला रबर ताणून पक्का बांधला. दोनदा हलवूनही पाहिला.

“हे काय जी?” देवराव गडबडला.

“लाल नाही तुमच्या मागं. ट्रकवाल्याले दिसत नाही माणूस. ठेवा.”

“अन् तुमच्या मागं?”

“माही सोय हाय.”

देवरावने हात जोडले. पुढे दिवसभर तो बाजारात ज्याला त्याला सांगत होता की माणूस असावा तर ईश्वरदाससारखा, स्वतःच्या सायकलचा काढून दिला. आडत्यानेही ते ऐकून मान डोलावली.

केशवने मात्र तेव्हा मान डोलावली नव्हती. तो ईश्वरदासच्या मागच्या मोकळ्या चाकाकडे पाहत राहिला. मग देवरावच्या नव्या लाल दिव्याकडे. मग पुन्हा मोकळ्या चाकाकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

“लय चालू हायेस गा तू,” तो म्हणाला. “हो पुढं.”

ईश्वरदास पुढे झाला. देवराव आपला लाल दिवा मिरवत त्याच्याही पुढे निघून गेला. थोडं अंतर गेल्यावर ईश्वरदासने मान वळवून मागे पाहिलं. केशव त्याच्याच मागे होता.